भविष्यकाळ नावाचा अंदाज

स्पॅनिश शिकायला घेतली की पहिले काही महिने क्रियापदांचे तक्ते पाठ करण्यातच जातात. शब्दकोशात सापडणाऱ्या मूळ रूपावरून क्रियापदांचे तीन गट पडतात: 'आर'ने संपणारे, 'एर'ने संपणारे आणि 'इर'ने संपणारे. वर्तमानकाळात या गटांचे प्रत्यय वेगवेगळे. भूतकाळाची तर दोन रूपे, आणि त्यांतही 'आर' गटाचे वळण एक, बाकीच्या दोघांचे दुसरे. त्यावर अपवादांची गर्दी. 'सेर' (असणे) हे क्रियापद वर्तमानकाळात 'सोय, एरेस, एस' असे चालते, त्यात मूळ रूप ओळखूसुद्धा येत नाही. 'इर' (जाणे) याचे 'बोय, बास, बा' होते. 'दोर्मिर' (झोपणे) याचे 'मी झोपतो' म्हणताना 'द्वेर्मो' होते, 'पेन्सार' (विचार करणे) याचे 'प्येन्सो'. असे तक्ते घोकून झाल्यावर भविष्यकाळाचा धडा येतो आणि सगळा गुंता एकाएकी नाहीसा होतो. तिन्ही गटांना एकच प्रत्ययमाला, आणि ती लावायची थेट अख्ख्या मूळ रूपाला, त्यातले एक अक्षरही न गाळता. 'सेर'चे 'सेरे', 'इर'चे 'इरे', 'दोर्मिर'चे 'दोर्मिरे', 'पेन्सार'चे 'पेन्सारे'. वर्तमानकाळात सर्वांत जास्त वाकडी चालणारी क्रियापदे इथे सरळ चालतात. बहुतेक पाठ्यपुस्तके एवढ्यावर समाधान मानतात, 'सोपा काळ' म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र या सोपेपणाचाच विचार करावासा वाटतो. भाषा कुणी आखून देत नाही. हजार-दीड हजार वर्षे लोकांच्या तोंडी झिजत आलेल्या भाषेत एखादा कोपरा इतका सरळ राहिला असेल, तर त्याला काहीतरी कारण असलेच पाहिजे. ते कारण कळले की हे रूप कसे बनते एवढेच नव्हे, तर स्पॅनिश माणूस ते कुठे वापरतो आणि कुठे टाळतो, याचाही उलगडा होतो.

आधी रूप जवळून पाहू. 'आब्लार' म्हणजे बोलणे. रोमन लिपीत या शब्दाच्या सुरुवातीला 'ह' लिहितात, पण स्पॅनिशमध्ये तो उच्चारत नाहीत. (इथे सगळी रूपे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, आणि जिथे स्पेन व अमेरिका यांचे उच्चार वेगळे पडतात तिथे अमेरिकेतला घेतला आहे.) भविष्यकाळ असा: मी बोलेन, 'आब्लारे', तू बोलशील, 'आब्लारास', तो किंवा ती बोलेल, 'आब्लारा', आम्ही बोलू, 'आब्लारेमोस', तुम्ही बोलाल, 'आब्लारेइस', ते बोलतील, 'आब्लारान'. सहाही रूपांत आघात प्रत्ययावर पडतो. 'आब्लारेमोस'मधल्या 'रे'वरही तो असतो, फक्त तिथे लिहिताना वर आघातचिन्ह देत नाहीत. आता शेजारी दुसरे एक क्रियापद ठेवू. 'आबेर' हे आजच्या स्पॅनिशचे मुख्य साहाय्यक क्रियापद, अर्थ मुळात 'जवळ असणे, बाळगणे'. त्याचा वर्तमानकाळ: 'ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन'. 'आब्लार'पुढे हे शब्द एकेक करून ठेवत गेले की वरचा भविष्यकाळ तयार होतो. आब्लार अधिक ए, आब्लारे. आब्लार अधिक आस, आब्लारास. आब्लार अधिक आन, आब्लारान. फक्त 'आबेइस'मधला 'आब' गळून 'एइस' उरला आहे. रोमन लिपीत 'आबेर'च्या रूपांना तो न उच्चारला जाणारा 'ह' चिकटलेला असल्याने हे नाते डोळ्यांना चटकन दिसत नाही. देवनागरीत लिहिले की व्यंजनाला स्वर येऊन मिळतो तो सांधा सरळ दिसतो. स्पॅनिश लोकांनाही हे फार पूर्वीच उमगले होते. आंतोनिओ दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये सालामांका येथे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापले. त्यात त्याने नोंदवून ठेवले आहे की आपल्या भाषेत भविष्यकाळाला स्वतःचे रूप नाही, मूळ क्रियापद आणि 'आबेर' यांच्या जोडणीने तो आडवळणाने सांगावा लागतो.

ही जोडणी का करावी लागली? स्पॅनिशची आई असलेल्या लॅटिनला तर भविष्यकाळ होता, आणि तोही एका शब्दाचा. पण तो भविष्यकाळ दोन वेगळ्या साच्यांचा होता. 'आमारे' (प्रेम करणे) याचे 'आमाबो', तर 'लेगेरे' (वाचणे) याचे 'लेगाम'. उच्चार बदलत गेले तसे दोन्ही साचे अडचणीत आले. दोन स्वरांमधले 'ब' आणि 'व' लोकांच्या बोलण्यात एकच होऊ लागले, तेव्हा 'आमाबित' (तो प्रेम करील) आणि 'आमावित' (त्याने प्रेम केले) यांतला फरक ऐकू येईनासा झाला. 'लेगित' (तो वाचतो) आणि 'लेगेत' (तो वाचील) यांत तर एका स्वराचेच अंतर, आणि तोही आघात नसलेला स्वर. काही अभ्यासक म्हणतात की केवळ उच्चाराच्या घोटाळ्याने एखादा काळ मरत नाही, भाषा असे घोटाळे निभावून नेते. हे खरे आहे. पण त्याच वेळी लोकांच्या बोलण्यात दुसरी एक रचना रुळत होती आणि ती जास्त ठसठशीत होती: मूळ क्रियापद आणि त्याला जोडून 'हाबेओ', म्हणजे 'माझ्याकडे आहे'. 'कांतारे हाबेओ' म्हणजे 'मला गायचे आहे'. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथे लिहिणाऱ्या तेर्तुलिअन या ख्रिस्ती ग्रंथकाराच्या लेखनात ही रचना वारंवार येते, आणि बऱ्याचदा ईश्वरी योजनेप्रमाणे जे घडायचे आहे, जे ठरून गेले आहे, ते सांगण्यासाठी येते. तिचा अर्थ सुरुवातीला 'पुढे घडेल' असा नव्हता. 'घडायचे आहे', 'घडणे भाग आहे' असा होता. बोलणारा घडणाऱ्या गोष्टीची तारीख सांगत नव्हता. ती गोष्ट कुणावर आली आहे, कशी अटळ आहे, ते सांगत होता. या काळाची ही जन्मखूण पुढे अखेरपर्यंत पुसली गेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

दोन शब्द एक होताना पहिल्यांदा कागदावर दिसतात ते सातव्या शतकात, फ्रँक लोकांच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या आणि आज फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत. तिथे एक गोष्ट आहे. सम्राट जस्टिनिअनने इराणच्या राजाला कैद केले आणि त्याच्याकडे प्रांत मागितले. राजा म्हणाला, देणार नाही. सम्राट उत्तरला, देशील. आणि हे जिथे घडले त्या गावाला 'दारास' नाव पडले. इतिहास म्हणून ही गोष्ट टिकणारी नाही. दारा हे इराणच्या सरहद्दीवरचे ठाणे जस्टिनिअनच्या आधीच, सम्राट अनास्तासिअसच्या काळात, वसले होते. पण भाषेच्या दृष्टीने ही भाकडकथा सोन्याच्या मोलाची आहे. राजा आपला नकार जुन्या लॅटिन भविष्यकाळात देतो, आणि सम्राटाच्या तोंडी 'दारे' व 'हाबेस' यांच्या मीलनातून झालेले नवे रूप येते: 'दारास'. आजचा स्पॅनिश माणूस 'तू देशील' हे अक्षरशः याच शब्दाने म्हणतो. इथे प्रसंगही विचारात घ्यावा. सम्राट भविष्य वर्तवत नाही. 'देशील म्हणजे देशीलच, तुला द्यावेच लागेल' असा त्या शब्दाला जोर आहे. नवे रूप पहिल्यांदा दिसते तेच मुळी जबरदस्तीच्या स्वरात.

एक शंका इथे रास्त आहे. हे सगळे पंडितांच्या कामाचे. आजच्या माद्रिदमधल्या किंवा मेक्सिको शहरातल्या माणसाला 'आब्लारे' म्हणताना 'आबेर' आठवतो का? नाही आठवत. पण भाषेतल्या सांध्यांना बोलणाऱ्याच्या आठवणीची गरज नसते, आणि हा सांधा पुष्कळ काळ उघडा होता. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या दोन भागांच्या मधोमध सर्वनाम बसत असे. 'मी तुला देईन' म्हणायचे तर 'दार ते ए': देणे, तुला, आहे. १२०० च्या आसपासच्या 'कांतार दे मिओ सिद' या वीरकाव्यात अशा रचना आहेत, आणि त्या पुरत्या नाहीशा व्हायला सतरावे शतक उजाडले. शेजारच्या पोर्तुगीजने तर औपचारिक लेखनात त्या आजही टिकवल्या आहेत: 'दार-ते-एइ'. १९६१ पर्यंत गोव्यात राज्यकारभार चालला तो याच भाषेत. मराठी बोलणाऱ्याला ही अवस्था समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे ती आत्ता चालू आहे. 'जायचं आहे' याचे बोलण्यात 'जायचंय' होते, 'येतो आहे'चे 'येतोय', 'गेला आहे'चे 'गेलाय'. 'आहे' झिजून 'य' उरला आहे आणि आधीच्या शब्दाला प्रत्ययासारखा चिकटला आहे. पण अजून दोन्ही रूपे जिवंत असल्याने मध्ये शब्द घालायची सोय शिल्लक आहे: 'जायचं तर आहे'. 'जायचंय' फोडून मध्ये 'तर' बसवता येत नाही. स्पॅनिशमध्ये 'दार ते ए' मागे पडले आणि 'ते दारे' तेवढे राहिले, तेव्हा हेच घडले. संस्कृत शिकलेल्यांना याहून जुने उदाहरण ठाऊक असेल. लुट् लकारातले 'कर्तास्मि' म्हणजे 'कर्ता' आणि 'अस्मि' यांचा संधी: मी करणारा आहे, म्हणून मी करीन. भविष्यकाळासाठी भाषा वारंवार दुसऱ्याच कुठल्या अर्थाकडे हात पसरते. लॅटिनच्या लेकींपैकी फ्रेंच आणि इटालियन यांनी स्पॅनिशसारखेच 'जवळ असणे' शेवटी जोडून घेतले. सार्दिनियाच्या भाषेने तेच क्रियापद घेतले, पण ते पुढे ठेवले. रुमानियनने 'इच्छिणे' या अर्थाचे क्रियापद निवडले.

आता सुरुवातीच्या नियमिततेकडे येऊ, कारण तिचे उत्तर हाती आले आहे. स्पॅनिश क्रियापद बिघडते ते बहुतेक धातूच्या पोटात. धातूतल्या स्वरावर आघात आला की 'दोर्मिर'चा 'ओ' फुटून 'द्वे' होतो, 'पेन्सार'चा 'ए' फुटून 'ये' होतो. भविष्यकाळात आघात पुढच्या 'आबेर'ने केव्हाच पळवून नेलेला असतो. धातूवर आघातच नाही, म्हणून तो फुटतही नाही. आणि पूर्ण मूळ रूपालाच जोडणी होत असल्याने तीन गटांना तीन प्रत्ययमाला लागत नाहीत. 'आबेर' एकच, म्हणून प्रत्ययही एकच. अपवाद आहेत ते डझनभर, आणि ते या म्हणण्याला बळकटीच देतात, कारण एकाही अपवादात प्रत्यय बदलत नाही. जे काही बिघडते ते नेमके सांध्यापाशी. आघात पुढे गेल्यामुळे सांध्याच्या आधीचा 'ए' किंवा 'इ' दुबळा झाला आणि काही फार वापरातल्या क्रियापदांत गळून पडला. 'पोदेर' (शकणे) याचे 'पोदेरे' न होता 'पोद्रे' झाले, 'साबेर' (जाणणे) याचे 'साब्रे', 'केरेर' (इच्छिणे) याचे 'केर्रे'. 'तेनेर' (जवळ असणे), 'पोनेर' (ठेवणे), 'बेनिर' (येणे) यांत स्वर गळाल्यावर 'न' आणि 'र' एकमेकांना येऊन भिडले. 'न'वरून 'र'कडे जाताना जिभेच्या टोकाशी 'द' आपोआप उमटतो, म्हणून 'तेंद्रे', 'पोंद्रे', 'बेंद्रे'. 'सालिर' (बाहेर पडणे) याचे तसेच 'साल्द्रे'. हे काही स्पॅनिश जिभेचे वेड नव्हे. संस्कृतातल्या 'वानर'चा हिंदीत 'बंदर' झाला तो याच वाटेने, आणि 'आम्र'चा आपला 'आंबा', 'ताम्र'चे 'तांबे' होताना 'म' आणि 'र' यांच्या मध्ये 'ब' शिरला तोही याच कारणाने. जुन्या स्पॅनिशमध्ये असे गाळलेले स्वर खूपच जास्त होते: 'बिबिर' (जगणे) याचे 'बिब्रा', 'कोमेर' (खाणे) याचे 'कोंब्रा' अशी रूपे मध्ययुगीन ग्रंथांत आहेत. पुढे लोकांनी गळालेला स्वर परत बसवला आणि 'बिबिरा', 'कोमेरा' रूढ झाले. रोजच्या बोलण्यात अखंड फिरणारी डझनभर क्रियापदे तेवढी दुरुस्त झाली नाहीत. वापराचा जोर किती काम करतो ते एका जोडीत स्वच्छ दिसते. 'देसिर' (म्हणणे) याचे भविष्यकाळी 'दिरे' होते, पण त्यापासूनच बनलेल्या 'बेंदेसिर' (आशीर्वाद देणे) याचे सरळ 'बेंदेसिरे'. म्हणण्याची वेळ रोज येते, आशीर्वाद देण्याची क्वचित.

इथवर रूपाचे झाले. पण माझा मुख्य मुद्दा वापराचा आहे, आणि तिथेच शिकणारे अडखळतात. पाठ्यपुस्तक सांगते की 'सेरा' म्हणजे 'असेल'. शिकणारा ते इंग्रजीच्या वाटेने समजून घेतो, उद्या-परवाशी जोडून टाकतो, आणि मग प्रत्यक्ष बोलणे ऐकले की गोंधळतो. दारावर थाप पडली की स्पॅनिश माणूस म्हणतो 'क्येन सेरा?' दारात तर माणूस आत्ता उभा आहे, मग भविष्यकाळ कशासाठी? किती वाजले असे विचारले आणि हाताशी घड्याळ नसले की उत्तर येते 'सेरान लास सिंको'. याचा अर्थ पुढे कधीतरी पाच वाजतील असा नाही, आत्ता पाच वाजले असतील असा आहे. एखादा कामावर आला नाही तर 'एस्तारा एन्फेर्मो', आजारी असेल. मराठी वाचकाला एव्हाना लक्षात आले असेल की यात गोंधळण्यासारखे काहीच नाही. आपण नेमके हेच करतो. 'कोण असेल?', 'पाच वाजले असतील', 'आजारी असेल, म्हणून आला नाही'. 'असेल' हे रूप भविष्यकाळाचे, पण त्याने आपण आत्ताचा अंदाज सांगतो. साम्य इथेच थांबत नाही. समोरच्याचे बोलणे अर्धवट मान्य करून ते बाजूला सारायचे असले की आपण म्हणतो, 'असेल हुशार, पण काम करत नाही'. स्पॅनिश माणूस अगदी याच घाटाने 'सेरा मुय लिस्तो, पेरो...' अशी सुरुवात करतो. 'तो जेवला असेल' याला स्पॅनिशमध्ये 'आब्रा कोमिदो': पुन्हा भविष्यकाळाचे रूप, आणि अर्थ होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलचा तर्क. मराठी माध्यमातून थेट स्पॅनिश शिकवली तर हा धडा अर्ध्या वेळात व्हावा. मध्ये इंग्रजी घेतल्याने आपण हातातली किल्ली बाजूला ठेवून कुलूप तोडत बसतो.

या रूपाचा गाभा काळ नव्हे, तर बोलणाऱ्याची भूमिका, असे मी याचे वाचन करतो. या वाचनाला विरोध करणारा माणूस साधासुधा नाही. आंद्रेस बेल्यो, काराकासमध्ये जन्मलेला, चिलीत कर्तृत्व गाजवलेला विद्वान. १८४७ मध्ये सांतिआगो येथे त्याने अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेले व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि आजही ते आदराने वाचले जाते. अंदाजाचा हा वापर त्याने नीट हेरला होता, पण त्याच्या लेखी तो लाक्षणिक होता. मूळ अर्थ भविष्यच. भविष्य अनिश्चित असते, म्हणून वर्तमानाला भविष्याचे रूप दिले की त्याच्यावरही अनिश्चिततेची छाया पडते. मांडणी सुबक आहे आणि वरवर पाहता पटतेही. पण ती एका चाचणीत अडकते. स्पॅनिशला भविष्य सांगण्याची दुसरीही रीत आहे: 'इर' (जाणे) याचा वर्तमानकाळ, मग 'आ', मग मूळ क्रियापद. 'बोय आ आब्लार', मी बोलणार आहे. अंदाज हा जर भविष्यकाळाच्या अनिश्चिततेचाच परिणाम असेल, तर या रचनेतूनही तो तितक्याच सहज निघायला हवा. पण 'सेरान लास सिंको' म्हणजे 'पाच वाजले असतील', आणि 'बान आ सेर लास सिंको' म्हणजे 'पाच वाजत आले'. वेळ तीच, भविष्याचा उल्लेख दोन्हीकडे, पण अंदाज एकाच रूपात. तेव्हा अंदाज भविष्याने आणलेला नसून त्या विशिष्ट रूपाने आणलेला आहे. दुसरा पुरावा याहून बोलका आहे. 'आबेर' आणि मूळ क्रियापद यांची जोडी स्पॅनिशने नंतर पुन्हा एकदा जुळवली, या वेळी मध्ये 'दे' घालून आणि न चिकटवता: 'आ दे एस्तार'. अर्थ कर्तव्याचा, 'असायला हवे' असा. आणि मेक्सिकोत आज 'आ दे एस्तार एन्फेर्मो' म्हणजे 'आजारी असणार' हा सरळसरळ तर्क आहे. तेच क्रियापद, तोच 'भाग आहे'चा अर्थ, आणि पुन्हा तोच तर्काकडे कल. आपल्या 'पाहिजे'तही कर्तव्य आणि तर्क शेजारी शेजारी नांदतात: 'तू घरी असलं पाहिजे' हा हुकूम, 'एव्हाना तो घरी पोचला असला पाहिजे' हा अंदाज. कर्तव्यातून थेट अंदाज निघाला की मध्ये भविष्याचा मुक्काम घेऊन निघाला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या म्हणण्याला दोन्ही चालतात, कारण दोन्हींत बोलणाऱ्याची भूमिका प्रत्येक टप्प्यावर हजर आहे.

भूमिका म्हणजे काय ते आणखी एका जागी पडताळून पाहता येते, जिथे हे रूप येत नाही तिथे. 'तो येईल तेव्हा मी बोलेन' या वाक्यात येणे आणि बोलणे दोन्ही पुढे घडायचे आहे. स्पॅनिश मात्र भविष्यकाळ फक्त दुसऱ्या क्रियापदाला देते: 'क्वांदो येगे, आब्लारे'. 'येगे' हे संशयार्थी रूप आहे. तिथे 'येगारा' घातले की वाक्य चुकते, आणि परदेशी शिकणाऱ्याची ही नेहमीची चूक. 'पाऊस पडला तर' म्हणायचे असले की 'सी' (जर) याच्यापुढे साधा वर्तमानकाळ येतो, भविष्यकाळ चालत नाही. बोलणारा इथे पावसाबद्दल काहीच ठामपणे सांगत नाही, नुसती अट मांडतो. जिथे त्याची स्वतःची खात्री, वचन किंवा तर्क पणाला लागत नाही तिथे हे रूप यायला नाखूश असते. यावर कुणी फ्रेंचकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. फ्रेंच भविष्यकाळही याच जोडणीतून जन्मला, तरी 'जेव्हा तो येईल' म्हणताना फ्रेंच माणूस बिनदिक्कत भविष्यकाळ वापरतो. म्हणजे जन्मावरून सगळे ठरत नाही, प्रत्येक भाषा वारसा आपल्या परीने खर्च करते. हे मान्य करूनच मी स्पॅनिशपुरते बोलतो आहे. स्पॅनिशने हे रूप ठाम विधानाच्या आणि तर्काच्या जागेत राखून ठेवले, फ्रेंचने ते काळाकडे जास्त झुकू दिले.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो बऱ्याच शिकणाऱ्यांच्या मनात असतो. बोलताना लोक 'बोय आ आब्लार' म्हणतात, विशेषतः अमेरिकेतल्या देशांत. मग 'आब्लारे' शिकायचेच कशाला? पण 'बोलण्यात कमी' म्हणजे 'भाषेत कमी' असा अर्थ घेतला की फसगत होते. उद्या कुणाला फोन करायचा असला तर तीन पर्याय असतात. 'ते यामो मान्याना', तुला उद्या फोन करतो. हे ठरलेलेच आहे, मराठीसारखेच वर्तमानकाळात. 'ते बोय आ यामार', फोन करणार आहे. बेत पक्का आहे, मन त्याच्याकडे निघाले आहे. 'ते यामारे', करीन फोन. या तिसऱ्यात प्रसंगाप्रमाणे दोन टोकांचे अर्थ येतात: गंभीरपणे उच्चारले तर वचन, सैलपणे उच्चारले तर 'करीन केव्हातरी'. आपल्या 'करीन'चेही असेच आहे, आणि पैसे परत मागणाऱ्याला 'देतो', 'देणार आहे' आणि 'देईन' यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज 'योबेरा' म्हणतो, पाऊस पडेल. कायद्याची कलमे याच रूपात लिहितात. बायबलमधल्या दहा आज्ञाही स्पॅनिशमध्ये याच रूपात आहेत: 'नो मातारास', तू हत्या करणार नाहीस, म्हणजे करता कामा नये. आणि जिथे 'बोय आ'ने भविष्याचा जवळजवळ सगळा प्रांत बळकावला आहे, त्या मेक्सिकोच्या बोलण्यातही 'क्येन सेरा?' आणि 'एस्तारा एन्फेर्मो' रोज ऐकू येतात. काळाचे काम दुसऱ्याने उचलल्यावर या रूपापाशी जे उरले ते अंदाजाचे काम. काळ हाच जर त्याचा गाभा असता, तर ते काम हातून गेल्यावर रूपही गेले असते.

शिकणाऱ्याला यातून आणखी एक रूप जवळपास फुकट मिळते. मूळ रूपाला 'आबेर'च्या वर्तमानकाळाऐवजी त्याच्या अपूर्ण भूतकाळाचे ('आबिया') शेपूट जोडले की 'आब्लारिया' तयार होते: 'मी बोललो असतो', 'मी बोलेन' (जर-तरच्या वाक्यात), 'तो म्हणाला की बोलेन' या सगळ्यांसाठी लागणारे रूप. प्रत्यय पुन्हा तिन्ही गटांना सारखेच, आणि सांधाही तोच, म्हणून बिघाडही नेमका तिथेच आणि त्याच क्रियापदांत: 'तेंद्रे' तसे 'तेंद्रिया', 'पोद्रे' तसे 'पोद्रिया', 'दिरे' तसे 'दिरिया'. डझनभर अपवाद एकदा पाठ केले की दोन तक्ते हाती येतात. आणि जसे रूप तसाच अर्थ. 'सेरान लास सिंको' हा आत्ताचा तर्क, तर 'सेरियान लास सिंको' हा तेव्हाचा: पाच वाजले असावेत. जोडणीतला साहाय्यक भूतकाळात गेला आणि सबंध अंदाज त्याच्याबरोबर एक घर मागे सरकला. या दोन रूपांना एक 'काळ' आणि दुसरे 'अर्थ' अशी वेगळी लेबले लावणारे व्याकरण ही जोडी तोडते. बेल्योने मात्र इथे योग्य केले; त्याने दोन्ही काळांच्याच रांगेत ठेवली आणि दुसऱ्याला 'भूतकाळानंतरचा काळ' अशा अर्थाचे नाव दिले.

दरम्यान 'बोय आ आब्लार' ही नवी रचना जुन्या रचनेच्याच वाटेने निघाली आहे. पूर्वी 'जायला निघालो आहे' हा तिचा अर्थ होता, पायांनी चालण्याचा. पुढे तो इराद्याचा झाला, मग नुसत्या भविष्याचा. आता बऱ्याच ठिकाणी घाईने बोलताना 'बोय आ' याचे आकसून 'ब्वा' होते, आणि ते पुढच्या क्रियापदाला टेकून बसते. पुढचे क्रियापद 'आ'ने सुरू होत असले तर मधला 'आ' ऐकूही येत नाही. लिहिताना ते अजून तीन सुटे शब्द आहेत आणि शाळा ते तसेच शिकवते. या रूपानेही अंदाज सांगायला काही ठिकाणी सुरुवात झाली आहे: दार वाजले की स्पेनमध्ये 'बा आ सेर एल', तोच असणार, असेही कधीकधी कानावर येते. त्याचा विस्तार अजून थोडा आहे, आणि घड्याळाच्या वाक्यात त्याने 'सेरान'ची जागा घेतलेली नाही.